दलाली वाचवायची, तर दलालाचं काम करावं लागेल

घर, सोसायटी आणि कागदपत्रं : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात भाडेकरारावर लिहिलं आणि पत्रं आली ती घर विकण्याबद्दलची. बहुतेकांचा सूर एकच : मध्ये एजंट नको. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात रोज दस्तांचंच काम चालतं, त्यामुळे एजंटही ओळखीचे आणि त्यांना वैतागलेले घरमालकही. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण इतरांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात.

प्रश्न : पाचपाखाडीत तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. १९८८ मध्ये थेट बिल्डरकडून घेतला. लिफ्ट नाही आणि आता दोघांचेही गुडघे ऐकत नाहीत, म्हणून पुण्याला मुलीजवळ जायचं ठरवलंय. दोन एजंट येऊन गेले. दोघांनीही दोन टक्के सांगितले. एक तर म्हणाला, ‘काका, मार्केट डाऊन आहे, दहा लाख कमीच धरा.’ मी स्वतः घर विकू शकतो का? सुरुवात कुठून करू?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : सर, खुशाल विका. महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी नव्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या बिल्डरला आणि एजंटाला लागते. आपलं राहतं घर विकणाऱ्या मालकाला कसलाही परवाना लागत नाही.

पण तो माणूस दोन टक्क्यांत काय काय करतो ते एकदा मोजा. जाहिरात, दिवसभर फोन, पार्टीला घेऊन तीन जिने चढणं, घासाघीस, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठणं, बँकेच्या माणसामागे लागणं, नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार उभे करणं. घर ऐंशी लाखांना गेलं तर दोन टक्के म्हणजे एक लाख साठ हजार, वर जीएसटी. हे पैसे वाचतील, पण ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतील. तुम्ही दिवसा घरी असता, हिशेब चोख ठेवता, समोरच्याला न चिडता तीच गोष्ट चारदा सांगायची सवय आहे. तुम्हाला जमेल.

सुरुवात जाहिरातीने करू नका. आधी कपाटातली फाइल काढा. १९८८ चा करार हातात घ्या आणि दोन गोष्टी बघा : तो केवढ्या स्टॅम्पवर आहे आणि नोंदवलेला आहे का. नोंदवलेल्या करारावर सब-रजिस्ट्रारचे शिक्के, दस्ताचा क्रमांक आणि तारीख असते, नोंदणीची पावतीही जोडलेली असते. त्या काळात पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार करून मोकळे झालेले लोक ठाण्यात ढिगाने आहेत. तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. आता अडतं, कारण घेणारा कर्ज काढतो आणि त्याच्या बँकेचा वकील पहिला कागद हाच मागतो. तुमचा करार तसा निघाला तर घाबरू नका. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्क ठरवून घ्यायचं. ते १९८८ च्या किमतीवर ठरतं, आजच्या नाही. दंड महिन्याला दोन टक्के असतो, पण कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीपलीकडे जात नाही. मग पुष्टीपत्र (जुना करार कायम असल्याचं मान्य करणारा नवा दस्त) करून ते नोंदवायचं. याला वेळ लागतो, म्हणूनच गिऱ्हाईक येण्याआधी हे करा. बयाणा घेतल्यावर हे लक्षात आलं की समोरचा किंमत पाडून मागतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

फाइलमध्ये आणखी हवं ते असं : भागदाखला, म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (त्यावर नाव तुमचं एकट्याचं की दोघांचं? दोघांचं असेल तर सह्या दोघांच्या), इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची चालू पावती, वीजबिल, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र. कधीकाळी कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्रही. हे पत्र कुणालाच सापडत नाही. शाखा दुसरीकडे गेलेली असते, कधी बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. आत्ताच अर्ज करून ठेवा.

आता किंमत. शेजारचे काय ‘मागतात’ ते सोडून द्या. मागायला काय जातं? लोकांनी प्रत्यक्षात काय भावाने नोंदवलं ते बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे सिटी सर्व्हे नंबर टाकून वर्ष निवडलं की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची ‘सूची दोन’ (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा) फुकट दिसते. आपल्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या व्यवहारांवर नजर टाका, म्हणजे ‘मार्केट डाऊन’ आहे की तो एजंटच घाईत आहे ते कळेल. सोबत रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दरही काढा. मुद्रांक शुल्क रेकनर आणि करारातली किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं, आणि रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली विकलंत तर त्या फरकावर आयकर दोघांच्याही मागे लागतो.

क्षेत्रफळाचा घोळही आधीच मिटवा. जुन्या करारात बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, आजचं गिऱ्हाईक कार्पेट (भिंतींच्या आतलं) विचारतं. टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत खोल्या मोजा, बाल्कनी वेगळी लिहा आणि तोच आकडा सगळ्यांना सांगा. पुनर्विकासाचं पण असंच. पाचपाखाडीतल्या प्रत्येक जुन्या इमारतीत ‘बिल्डर येतोय, येतोय’ चालू असतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल तर त्याची प्रत दाखवा आणि त्याचा भाव खुशाल घ्या. गच्चीवरच्या गप्पांचा भाव लावू नका.

जाहिरातीसाठी नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर अशी पोर्टल्स आहेतच. ‘मालकाकडून थेट, एजंटांनी फोन करू नये’ असं लिहिलंत तरी पहिला फोन एजंटाचाच येईल. त्याच्यावर चिडू नका. ‘गिऱ्हाईक आणा, तुमची दलाली त्याच्याकडून घ्या, माझ्याकडून काही मिळणार नाही’ हे बोलून झाल्यावर व्हॉट्सअॅपवरही लिहून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको. पण त्याआधी सोसायटीच्या बोर्डावर चिठ्ठी लावा आणि जिन्यात, किराणावाल्याकडे, डॉक्टरांकडे बोलून ठेवा. ठाण्यातल्या जुन्या वस्तीत घर घेणारा कितीदा तरी त्याच गल्लीतला निघतो. कुणाला मुलाचा संसार जवळच थाटून द्यायचा असतो, तर कुणी भाड्याने राहत असतं आणि त्याला मुलांची शाळा बदलायची नसते. अशा माणसाला परिसर समजावून सांगावा लागत नाही.

घर दाखवताना सकाळी दहा-अकराला बोलवा, खिडक्या उघड्या ठेवा. बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर त्यापुढे कपाट सरकवू नका. घेणाऱ्यासोबत आलेली आजी बरोबर तिथेच हात लावते. पाणी किती वाजता येतं, टाकी किती मोठी, गाडी कुठे लावायची, वरचे लोक रात्री खुर्च्या ओढतात का, हे प्रश्न ठरलेले आहेत. खरी उत्तरं तयार ठेवा.

फोनवर घर न बघता ‘पसंत आहे, लगेच टोकन पाठवतो’ म्हणणारा भेटला तर सावध व्हा. तो बदलीवर आलेला फौजी अधिकारी असल्याचं सांगेल आणि एक क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणेल. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही, यूपीआयचा पिनही लागत नाही. फोन ठेवून द्या.

पार्टी पक्की झाली की विसार पावती करा. कच्च्या कागदावरची दोन ओळींची नको. एकूण किंमत, विसार किती आणि कोणत्या चेकने, उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, कर्ज मंजूर झालं नाही तर विसाराचं काय, ताबा केव्हा, सोसायटीची हस्तांतरणाची रक्कम कोण भरणार, पंखे-गिझर-कपाटं ठेवणार की नेणार. शेवटचा मुद्दा वाचून हसू येईल, पण माझ्याच टेबलावर ऐंशी लाखांचा व्यवहार एका वॉटर प्युरिफायरवरून दोन तास अडकलेला मी पाहिलाय. समोरच्याकडून बँकेचं कर्ज-मंजुरीचं पत्रही मागा. मागायला संकोच वाटतो खरा, पण एजंट असता तर त्याने मागितलंच असतं.

करारनाम्यासाठी वकील करा. (माझाच धंदा म्हणून सांगते असं वाटेल, वाटू दे. तुमच्या गल्लीतला कुठलाही चालेल.) मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेणारा भरतो. ठाणे शहरात शुल्क सात टक्के, बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरायचा असतो. तुम्ही दोघे मालक आहात म्हणून निम्मी-निम्मी रक्कम ५० लाखांच्या आत येते, मग टीडीएस नको, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमतच धरतात. पैसे भरल्याचं आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या पत्रकात (२६एएस) दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

नोंदणीच्या दिवशी आधार, पॅन, फोटो आणि पाण्याची बाटली न्या. तिथलं यंत्र वयस्कर माणसांचा अंगठा पटकन घेत नाही, आणि आयुष्यभर खडू धरलेल्या बोटांचं तर विचारूच नका. थोडं क्रीम चोळून जा, रुमालाने पुसा, घाईने दाबू नका. शेवटचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. चेक दाखवला, पे ऑर्डरचा फोटो पाठवला, यावर समाधान मानू नका.

कराचं थोडक्यात. १९८८ चं घर असल्याने मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, पण ती तेव्हाच्या रेकनरच्या किमतीपेक्षा जास्त नको. नफ्यावर १२.५ टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी ते भरायची मुभा तुम्हाला आहे, कारण घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं आहे. विकल्यापासून दोन वर्षांच्या आत पुण्यात घर घेतलंत आणि नफ्याची सगळी रक्कम त्यात घातलीत, तर कर लागणारही नाही. सीएला विसार घेण्यापूर्वी भेटा.

प्रश्न : वाशीला सासऱ्यांना सिडकोकडून मिळालेलं घर आहे. ते गेले. गिऱ्हाईक आम्हीच शोधलं, भावही पटला. ते म्हणतात, ‘सिडकोची ट्रान्सफर नंतर बघू, आत्ता पॉवर ऑफ अॅटर्नीवर व्यवहार करून टाकू, तुमचेही पैसे वाचतील.’ करावा का?
— गृहिणी, वाशी

उत्तर : करू नका. नवी मुंबईत वर्षानुवर्षं घरं अशीच हातोहात गेली, म्हणून लोकांना तो राजमार्ग वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय की मुखत्यारपत्रावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही. शिवाय इथे जमीन सिडकोची, आपल्याकडे असतो तो ६० वर्षांचा भाडेपट्टा. सिडकोच्या दप्तरी जोवर सासऱ्यांचं नाव आहे, तोवर विकणारे तुम्ही कोण, हाच प्रश्न आहे.

क्रम असा ठेवा : आधी वारसांची नावं सिडकोत आणि सोसायटीत लावून घ्या. मग सिडकोकडून हस्तांतरणाची परवानगी घ्या, शुल्क भरा. मग नोंदणीकृत दस्त. शुल्क किती होईल ते बेलापूरच्या सिडको भवनात आधीच विचारून या आणि ते कोण भरणार हे विसार पावतीत लिहा. इथेच भांडणं होतात. गिऱ्हाईक खरोखर घेणारं असेल तर थांबेल. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला बहुधा घर स्वतःच्या नावावर न करता पुढे तिसऱ्यालाच विकायचं असतं, आणि थकबाकीच्या नोटिसा मात्र तुमच्या घरच्या नावाने येत राहतात.

प्रश्न : बाबांचा कळव्याचा फ्लॅट. नॉमिनेशन माझं आहे. बहीण डोंबिवलीला, धाकटा भाऊ अमेरिकेत. दोघांची तोंडी संमती आहे. मी नॉमिनी म्हणून विकू शकतो ना?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, दादा. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी बोलायचं ते माणूस. कायद्याने तुम्ही तात्पुरते सभासद आहात, वारसदारांच्या वतीने. बाबांचं मृत्युपत्र नसेल तर तिघंही मालक, आई असेल तर तीही. एक तर सगळ्यांनी मिळून विका, नाही तर बहीण-भावाकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. रक्ताच्या नात्यात त्याचं मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे. तोंडी संमतीवर कुठलीही बँक कर्ज देणार नाही.

भावाला येणं जमणार नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे हमखास राहून जातं. तो अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावर टीडीएस एक टक्का नसतो, बराच जास्त कापतात. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढता येतो. हे घेणाऱ्यालाही पहिल्याच भेटीत सांगा.

(वरच्या पत्रातल्या ‘मुखत्यारपत्र नको’शी हे विसंगत वाटेल. फरक एवढाच की इथे भावाच्या वतीने तुम्ही रीतसर नोंदणीकृत करारावर सही करता. तिथे मुखत्यारपत्रालाच करार म्हणून खपवायचं चाललं होतं.)

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची कमिटी म्हणते, एनओसी हवी तर दीड लाख रुपये ‘विकास निधी’ द्या. एजंट असता तर त्याने हे मिटवलं असतं, असंही ऐकवतात.
— त्रस्त सभासद, ठाणे

उत्तर : एजंट असता तर त्याने तुमच्याच खिशातून मिटवलं असतं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे, हा शासनाचा आदेश २००१ चा. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. देणगी, निधी, काहीही नाव दिलं तरी सक्ती करता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागतही नाही. पंधरा दिवसांची नोटीस ठरलेल्या नमुन्यात द्यायची असते. पण घेणाऱ्याची बँक एनओसी मागते, आणि नेमकी तिथेच कमिटी पकडते.

लेखी मागा. ‘दीड लाख कोणत्या उपविधीखाली, कृपया लेखी कळवावे’ एवढंच पत्र द्या आणि पोच घ्या. बहुतेक कमिट्या या एका ओळीवर नरमतात, कारण लेखी द्यायला कुणी तयार नसतं. नाहीच ऐकलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. नेरूळच्या एका वाचकाने ‘चाळीस टक्के रोख घेऊ का’ असं विचारलंय, त्यांनाही इथेच उत्तर देते : घरापोटी २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्यावर, म्हणजे घर विकणाऱ्यावर, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. विसारालाही हाच नियम.

प्रश्न : ऐरोलीच्या घरावर आमचं बारा लाख कर्ज बाकी आहे. घेणाराही कर्ज काढणार आहे. एजंट म्हणतो, दोन बँकांचं काम सामान्य माणसाला जमत नाही.
— नोकरदार दांपत्य, ऐरोली

उत्तर : तुम्ही दोघं नोकरी करता, त्यामुळे सुट्ट्या पडतील हे खरं. बाकी अवघड काही नाही. तुमच्या बँकेकडून दोन पत्रं घ्या : आजच्या तारखेला कर्ज किती बाकी, आणि मूळ कागदपत्रांपैकी काय काय त्यांच्या ताब्यात आहे त्याची यादी. या दोन पत्रांवर घेणाऱ्याची बँक काम सुरू करते. ती बारा लाखांची पे ऑर्डर थेट तुमच्या बँकेच्या नावे, कर्ज खात्याच्या क्रमांकासह काढते, उरलेली तुमच्या नावे. व्याज रोज चढत असतं, म्हणून पत्रावरची तारीख उलटली तर आकडा पुन्हा विचारा. शे-पाचशे रुपये कमी पडले म्हणून खातं बंद झालं नाही आणि सगळी फाइल अडली, असं होतं.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तरी कागद घ्यायला घेणाऱ्यालाही सोबत न्या आणि यादीप्रमाणे एकेक पान तपासूनच सही करा. घराचा मूळ करार आणि त्याच्या मागची नोंदणीची पावती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवायची बँकांना सवय असते.